पाववालीचं उत्तर

बाई वर्तमानपत्र अकरा दिवस उशिरा वाचायच्या. ते उशिरा येत असे असं नाही. चंद्रपूरकडच्या मूल गावात ते सकाळच्या एसटीनं यायचं आणि साडेआठच्या सुमारास ओसरीवर पडायचं. पण बाई पहिल्या पानावरच्या नावापासून सुरू करत आणि शेवटच्या पानावरच्या मुद्रक-प्रकाशकाच्या ओळीवर थांबत. मधलं काही सोडायचं नाही. लिलावाच्या जाहिराती, बेपत्ता इसमाचं वर्णन, तांदळाचे भाव, सगळं. एका दिवसाचा अंक बऱ्याचदा एका दिवसात संपत नसे, आणि तो संपल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही असा नियम होता. एकदा निवडणुकीचा निकाल लागला. चौकात फटाके वाजत होते. मी धावत निकाल सांगायला गेले, तर बाईंनी हात वर केला.

"सांगू नका, मास्तरीणबाई. मी अजून परचारातच आहो."

बाई म्हणजे माझ्या घरमालकीण. तीसेक वर्षं सरकारी दवाखान्यांत नर्सची नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. सकाळी सहाला बुद्धवंदना, मग अंघोळ, मग अंगण, मग चहा. यातला क्रम बदलला तर सूर्य उगवणार नाही अशी त्यांची समजूत असावी. मी साताऱ्याकडची. वय चोवीस, इथल्या शाळेत इंग्रजी शिकवायला आलेली, आणि त्यांच्या पुढच्या खोलीची भाडेकरू. ही ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. तेव्हा मला इथल्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात याचीसुद्धा गंमत वाटायची. चार महिन्यांनी सुट्टीत घरी गेले आणि मीच आईला 'मी येतो' म्हणाले, तेव्हा ती गंमत संपली.

बाई जेवायला बसल्या की आधी भाजी संपवायच्या, मग नुसता भात, मग वरण वाटीनं पिऊन टाकायचं. मी म्हटलं, "बाई, पोटात जाऊन सगळं एकच होतं ना?" त्या म्हणाल्या, "पोटात काय होते ते पोट पाहीन. माझ्या ताटात नाई होनार." दर महिन्याच्या एक तारखेला त्या माझ्या तोंडात थर्मामीटर द्यायच्या. ताप असो-नसो. तीन वर्षांत एकदाही ताप निघाला नाही, पण भाड्याची पावती थर्मामीटर झाल्यावरच मिळायची.

माझं त्यांच्याशी पहिलं भांडण झालं ते राहायला गेले त्याच आठवड्यात. मला कोणत्याही पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायची खोड आहे. शेवट ठाऊक असला की मला मधलं निवांत वाचता येतं. मी ओसरीवर एक कादंबरी मागून उघडून बसले होते आणि बाईंनी ते पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी कुणाच्या खिशात हात घालताना सापडले होते.

"तुमी आधी गोळी देता आन मंग पेशंट पाहता का?"

"शेवट कळला म्हणून गोष्ट थोडीच बदलते, बाई?"

"गोष्ट नाई बदलत. वाचनारा बदलते." एवढं बोलून त्या आत गेल्या आणि दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलल्या.

डिसेंबर लागला तसं मला कळलं की बाईंजवळही एक कादंबरी आहे. एकच. इंजेक्शनच्या सुया उकळायचा स्टीलचा जुना डबा होता, त्यात ती जखमेवर बांधायच्या मऊ कापडात गुंडाळून ठेवलेली असायची. इंग्रजी होती. मुखपृष्ठावर बर्फात बुडालेलं गाव आणि खिडकीत पिवळा दिवा लावलेलं एक पावाचं दुकान. नाताळच्या दिवसांत घडणारी प्रेमकथा. असल्या पुस्तकांना मी शिकलेल्या तोऱ्यात नाक मुरडत असे. पंचवीस प्रकरणं होती. एक डिसेंबरपासून रोज दुपारी एक प्रकरण बाई अंगणात उन्हाला बसून मोठ्यानं वाचत. वाचत म्हणजे पुस्तकात बघून मराठीत सांगत. पंचवीस तारखेला नाताळच्या दिवशी पुस्तक संपायचं. निवृत्त झाल्यापासून हा त्यांचा रिवाज होता. मी आले ते सातवं वर्ष.

ऐकायला बायका यायच्या, सात-आठजणी. धानाची कापणी उरकलेली असायची, दुपारी थोडी उसंत मिळायची. कुणी सुपात लाखोळीची डाळ निवडायला आणायची, कुणी विड्या वळायला. सगळ्यांत म्हातारी सखूआजी. ती काम आणायचीच नाही. भिंतीला टेकून पाय पसरून बसायची आणि मधे मधे पात्रांना शिव्या द्यायची. ओसरीच्या कोपऱ्यात शिलाई मशीन होतं. त्यावर शेवंता बसायची. ती पंचविशीतली विधवा. नवरा साप चावून गेला होता, आणि भावाच्या घरात मशीनला जागा नव्हती म्हणून बाईंनी ते आपल्या ओसरीवर ठेवू दिलं होतं. ऐकता ऐकता ती पोलकी शिवायची. गोष्ट रंगात आली की तिचे पाय थांबत, आणि मशीन थांबलं की बाई चष्म्यावरून बघत. मशीन पुन्हा सुरू होई.

गोष्ट साधी होती. एका छोट्या गावात एक विधवा बाई पावाचं दुकान चालवते. नाताळच्या आधी गावातल्या चर्चचं छत दुरुस्त करायला बाहेरगावचा एक सुतार येतो. सगळ्या गावाला वाटतं की या दोघांचं जमावं, आणि गाव त्यासाठी नाना खटपटी करतं. पोस्टातली बाई मुद्दाम चिठ्ठ्या उलटसुलट देते. मग बर्फ पडतं, रस्ता बंद होतो, सुतार अडकून पडतो. त्या दोघांना पुस्तकात नावं होती, पण अंगणात ती कुणी घेत नसे. पाववाली आणि सुतार, एवढंच.

बर्फ समजावून सांगायला बाईंना फारसा त्रास पडला नाही. राइस मिलच्या मागं ज्यांची घरं आहेत त्यांच्या छपरांच्या कवेलूंवर कोंडा कसा बसतो, तसंच ते, फक्त थंड. नाताळही लगेच समजला. "आपली चौदा एप्रिलची जयंती असते ना? तशी त्यांच्या देवाची जयंती." पण पावाचं दुकान काही केल्या पटत नव्हतं. या भागात तेव्हा पाव हे आजाऱ्याचं खाणं. दवाखान्यात भरती झालेल्याला दुधात बुडवून द्यायचं.

"सारं गाव पाव घेते?" सखूआजी दर वर्षी विचारायची. "सारं गाव बिमार आहे का, बाई?"

"तिकडं चांगले मानसं बी पाव खातात, आजी."

"मंग चांगले कायचे?"

शेवट मात्र कुणालाच आवडत नसे. पंचविसाव्या प्रकरणात सुतार पाववालीला लग्नाचं विचारतो, आणि ती नाही म्हणते. तो बर्फातून निघून जातो. पाववाली दुकानात परत येते, भट्टी पेटवते आणि पीठ मळायला घेते. संपलं. पहिल्या वर्षी मी हे ऐकलं तेव्हा सुपांतली लाखोळी तशीच राहिली होती. बायका पदरानं नाक पुसत होत्या. सखूआजी म्हणाली, "पोट्टीले अक्कल नाई. पुढच्या साली तरी होय म्हन म्हनावं." बाई पुस्तक कापडात गुंडाळत म्हणाल्या, "पुस्तकात जे आहे ते आहे. मी काऊन बदलवू?"

ते सगळ्यांना पटायचं, कारण बाई खोटं बोलत नाहीत हे गावाला ठाऊक होतं. पोरगी पोटुशी आहे की नुसती वाताची गाठ आहे, म्हातारा वाचेल की नाही, हे लोक डॉक्टरांनी सांगितल्यावरही बाईंना येऊन विचारत. बाई तोंडावर सांगत. मला तो शेवट ऐकून थोडं नवल वाटलं होतं. पिवळा दिवा लावलेल्या मुखपृष्ठाच्या पुस्तकाचा असा शेवट होत नाही. पण मी बोलले नाही. निदान या लेखकाला थोडी अक्कल आहे, असा विचार करून मी पुस्तकाबद्दलचं मत जरा सुधारलं.

आता मापाऱ्याबद्दल सांगायला हवं. राइस मिलमध्ये धानाचं वजन करणारा तो माणूस, तिशीतला, बायको बाळंतपणात गेलेली. दर आठवड्याला तो बटण तुटलेला सदरा घेऊन ओसरीवर हजर व्हायचा. मिलमध्ये पोती उचलणारे हमाल होते, त्यांची बटणं तुटत नसत. वजन लिहिणाऱ्याची मात्र दर आठवड्याला तुटायची. बायका एकमेकींकडे बघून लाखोळी जोरात पाखडायच्या. मी आणखी एक गोष्ट पाहिली होती. शेवंता सगळ्यांची बटणं दुहेरी दोऱ्यानं लावायची, आणि मापाऱ्याची तेवढी एकेरी.

माझ्या दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात, दहा-बारा तारीख असेल, तो आला तेव्हा ओसरीवर शेवंता आणि मी दोघीच होतो. बाई मागं चुलीपाशी होत्या. त्यानं सदरा पुढं केला नाही, नुसता हातात धरून उभा राहिला.

"आज बटन नाई लावाचं आहे," तो म्हणाला. "इचाराचं आहे."

मी उठून जायला लागले तर तो म्हणाला, "बसा जी, मॅडम. साक्षीदार असलेला बरा." आणि त्यानं सरळ विचारलं, पाट लावशील का, म्हणजे माझ्याशी दुसरं लग्न करशील का. मग पुढची गोष्टही सांगून टाकली. सत्तावीस तारखेला त्याच्या गावी नाटक होतं. या भागात धान घरी आलं की गावोगाव नाटकं ठरतात. नाटकाला पाहुणे येतात आणि जाताना सोयरीक ठरवून जातात. त्याच्या आईनं ब्रह्मपुरीकडच्या एका मुलीच्या घरच्यांना नाटकाचं आवतण धाडलं होतं. "मायले मी थांब म्हनू शकतो," तो म्हणाला, "पन कोनासाठी थांब म्हनू, ते तू सांगाचं. नाटकाच्या आधी सांग."

तो सदरा मशीनवर ठेवून गेला. त्याची सगळी बटणं शाबूत होती.

दोन-तीन दिवसांनी मी तिला विचारलं, काय ठरवलंस.

"ठरवाचं काय त्यात," ती सुईत दोरा ओवत म्हणाली. "पाववाली बी नाई म्हनते ना? तिचा बी नवरा मेला होता. तिले बी सारं गाव कर कर म्हनत होतं. तिनं नाई म्हटलं, आपलं दुकान चालवलं, चांगली राह्यली. मी तीन साल आयकून राह्यली, मॅडम. मी बी मशीन चालवीन."

"अगं, ते पुस्तक आहे."

"म्हनूनच ना. तोंडानं कोनी बी काही सांगते. लिहून आहे ते खोटं राहीन का?"

मी शिक्षिका. लिहिलेलं खरं मानू नका असं मी तिला कोणत्या तोंडानं सांगणार होते? पण सुई ओवायला तिला तीनदा प्रयत्न करावा लागला, तेही मी पाहिलं.

वीस तारखेला बाईंना ताप आला. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडात थर्मामीटर दिलं. एकशे दोन. त्यांनी पडल्या पडल्या स्टीलचा डबा मागवला आणि पुस्तक माझ्या हातात दिलं.

"आज तुमी वाचा. विसावं परकरन. फक्त विसावं. पुढं जाचं नाई."

विसावं प्रकरण मी वाचून दाखवलं. बर्फात पीठ संपत आलं आहे आणि सुतार पाठीवरून पोतं घेऊन येतो, ते. बायका गेल्यावर मी पुस्तक मिटायला घेतलं, आणि खोड ती खोडच. मी शेवटचं पान उघडलं.

पाववाली होय म्हणत होती.

मी ते पान दोनदा वाचलं. सुतार विचारतो, चर्चच्या घंटा वाजायला लागतात, ती होय म्हणते आणि पुस्तक संपतं. अशा पुस्तकाचा जसा व्हायला हवा तसाच शेवट. मग मी मागं मागं चाळत गेले. पानापानांवर कडेला पेन्सिलनं अवघड शब्दांचे मराठी अर्थ लिहिले होते, बाईंच्या ठसठशीत अक्षरात. प्रत्येक प्रकरणाखाली वाचून झाल्याची तारीख होती. एका एका प्रकरणामध्ये कुठं महिना, कुठं दोन महिने. पहिलं आणि शेवटचं यांत तीन वर्षांहून जास्त अंतर. नर्सला ठाऊक नसावेत असे बरेच शब्द होते. पण शेवटच्या पानावर, जो शब्द पाचवीतल्या पोरालाही येतो, त्याच्यापुढंही त्यांनी अर्थ लिहून ठेवला होता. 'होय.' खाली तारीख.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला होता. मी चहा घेऊन गेले तेव्हा बाई खाटेवर बसून होत्या आणि पुस्तक मांडीवर होतं.

"कपडा उलटा गुंडाळला तुमी," त्या म्हणाल्या. "शेवटलं पान पाह्यलं."

"पाहिलं." मग मी एका दमात शेवंताचं सगळं सांगितलं. मापारी, सत्तावीस तारीख, ब्रह्मपुरीची मुलगी, आणि पाववालीला बघून घेतलेला निर्णय. बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्याच ओसरीवर घडलं होतं, पण गावातल्या बातम्याही बहुतेक त्यांच्यापर्यंत अकरा दिवसांनीच पोचत असाव्यात.

त्यांनी आधी चहा संपवला, मग सांगायला लागल्या. तरुणपणी त्या जंगलातल्या एका दवाखान्यात नोकरीला होत्या. तिथं एक कंपाउंडर होता, सिरोंच्याकडचा, तेलुगू बोलणारा, ख्रिस्ती. त्याला मराठी येत नव्हती, यांना तेलुगू. दोघं मोडक्या इंग्रजीत बोलायचे. एका नाताळला त्यानं हे पुस्तक आणून दिलं.

"म्हने, शेवटल्या पानावर एक सवाल आहे. तोच माझा सवाल आहे. वाचून जवाब दे." बाईंनी पुस्तकावरून हात फिरवला. "आन मी पयल्या पानापासून सुरू केलं."

"बाई, पण तुम्हाला कळलं नव्हतं का, तो काय विचारतोय ते?"

"कळलं होतं. मी काय येडी होती? पन वाचल्याबिगर जवाब कसा द्याचा? त्यानं वाच म्हटलं होतं. डिक्शनरी घेऊन बसत होती मी, ड्युटी झाल्यावर. तो दर महिन्याले इचारे, कुठी आली? मी सांगे, चौथ्यावर. सहाव्यावर. दोन साल इचारलं त्यानं. मंग इचारनं बंद केलं. मंग बदली मागून घेतली आन तिकडंच लगन केलं." त्यांनी मांडीवरचं पुस्तक सरळ केलं. "तवा मी सोळाव्या परकरनावर होती."

मला हसू यायला हवं होतं. दुसऱ्या कुणाबद्दल ऐकलं असतं तर नक्कीच आलं असतं.

"आणि तरी पुढची नऊ प्रकरणं वाचलीत?"

"अर्धं कसं सोडू?"

शेवट का बदलला, हे मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. पाववालीनं नाही म्हटलं की त्यांना बरं वाटायचं. मग उशीर झाला काय आणि न झाला काय, जवाब नाहीच होता, असं समजता यायचं.

"पंचवीस तारखेला खरं वाचा, बाई," मी म्हटलं.

"गाव मले खरं बोलनारी समजते. सात साल खोटं सांगितलं, असं सांगू? उद्या कोन्या बाईले म्हनन, तुह्या पोराले काई नाई झालं, घाबरू नको, तर ते मानन का?" त्यांनी पुस्तक डब्यात ठेवलं आणि झाकण दाबून लावलं. "नाई. सात साल वाचलं तेच वाचीन."

मी खरं सांगते, मला त्यांचा राग आला. मी स्वतःच शेवंताला सांगून टाकावं असं मनात आलं, पण बाईंच्या शब्दापुढं माझा शब्द कोण धरणार होतं? मी परगावची, वर्षा-दोन वर्षांची पाहुणी. पुढचे चार दिवस मी त्यांच्याशी मोजकंच बोलले. ती पद्धत मी त्यांच्याकडूनच शिकले होते.

पंचवीस तारखेला अंगण सारवलेलं होतं. त्या दिवशी बाई एसटीच्या कंडक्टरला सांगून चंद्रपूरहून पाव मागवायच्या आणि प्रत्येकीला एक एक तुकडा गुळाबरोबर द्यायच्या. आजारी नसताना पाव खायचा वर्षातला तेवढा एकच दिवस. सखूआजीनं नेहमीप्रमाणे पाव हुंगून पाहिला आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी संपवला. शेवंता मशीनवर होती. माझं पोलकं शिवत होती. एक बाही लागली होती, दुसरी सुईखाली होती. ती वर बघत नव्हती. तिला काय ऐकायचं आहे ते तिला पाठ होतं.

बाईंनी प्रकरण सुरू केलं. बर्फ थांबतं, रस्ता मोकळा होतो, सुतार हत्यारं बांधतो. जायच्या आधी तो दुकानात येतो. तो विचारतो. इथं बाई थांबल्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मशीनही थांबलं होतं, पण या वेळी त्यांनी तिकडं बघितलं नाही.

"पाववाली म्हनते," त्या म्हणाल्या, "होय."

सखूआजीनं पसरलेले पाय ओढून घेतले.

"नाई म्हनते," सखूआजी म्हणाली.

"होय म्हनते, आजी."

"अव बाई, दर साली नाई म्हनते ते! मले काय पाठ नाई का? तो जाते, ते भट्टी पेटवते."

मग एकच गलका झाला. बाईंचा ताप डोक्यात गेला आहे असं एकीचं मत पडलं. दुसरी म्हणाली, शेवंतासाठी बदलवून राह्यल्या बाई, आपल्याले काय समजत नाई? मापाऱ्याची गोष्ट गावभर झालेलीच होती. कुणी तरी म्हणालं, मॅडमले द्या, मॅडम वाचन. मी वाचून दाखवलं, होयच लिहिलंय म्हणून सांगितलं. पण माझ्यावर तर मुळीच कुणाचा विश्वास बसला नाही. "मॅडम बी त्यातल्याच." शेवंता मशीनवरून खाली मान घालून म्हणाली, "माझ्यासाठी पुस्तक नका बदलवू, बाई. मले दया नाई पायजे."

तेव्हा बाई उभ्या राहिल्या.

"आज नाई बदलवलं," त्या म्हणाल्या. "सात साल बदलवलं. सात साल मी तुमाले खोटं वाचून दाखवलं. आज पयल्यांदा खरं वाचलं."

बायकांनी हातातली सुपं खाली ठेवली.

"काऊन, बाई?" शेवंतानं विचारलं.

पुस्तक उघडं तसंच घेऊन बाई ओसरीवर गेल्या आणि मशीनवर, सुईच्या शेजारी ठेवलं. "इंग्रजी नाई येत तुले. पेन्शिलनं लिहिलं ते वाच. मराठी आहे. माह्यं अक्षर वळखतेस ना?"

शेवंता चौथी शिकलेली होती. तिनं बोट ठेवलं. आधी तारीख वाचली, ती जन्मायच्या आधीची. मग वरचा शब्द वाचला.

"होय," ती म्हणाली.

"मले हे वाचाले उशीर झाला, पोरी," बाई म्हणाल्या. "तो इचारून इचारून थकला, मी पानं पलटवत राह्यली. तू कोनतं पान पाहून राह्यली?"

शेवंता उठली. पदर खोचला, चपला शोधल्या. एक सापडली, दुसरी मशीनखाली सरकली होती. ती वाकून काढली आणि फाटकाकडे निघाली. मिल तिकडेच होती.

"अव, ते पोलकं..." बाईंच्या तोंडून निघालं. सवयच ती. हातातलं एक पूर्ण झाल्याशिवाय दुसरं नाही. शेवंता फाटकात थबकली, वळून बघितलं.

बाईंनी मशीनवरच्या अर्ध्या बाहीकडे बघितलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "राहू दे तसंच. जा तू. पळ."

ती गेल्यावर सखूआजीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "म्हंजे सात साल आमी फुकट रडलो, बाई?" मग बायका हसल्या, बाईसुद्धा. गावानं त्यांचं खोटं मनावर घेतलं नाही. दुसऱ्याच दिवशी एकजण नातवाला घेऊन दारात उभी होती, याच्या अंगावर काय उठलंय ते बघा म्हणून.

ते पोलकं माझं होतं. उरलेली बाही त्या संध्याकाळी बाईंनी लावली, हातानं. मशीन त्यांना येत नव्हतं. त्यांना एकाच प्रकारचे टाके येत होते, जखमेचे. एक टाका, गाठ, दोरा कापायचा, दुसरा टाका. तेरा टाके आहेत, मी मोजले आहेत. माझी बदली झाली, लग्न झालं, अंग वाढलं, पोलकं केव्हाच होईनासं झालं. बाकीची शिवण उसवत आली आहे, पण ती बाही अजून जागची हललेली नाही.